झाकणातला दिवा

लालबाग
६ जानेवारी २०२४

वॉल्टर अंकल,

पत्र लिहितेय, कारण तुम्ही दुसरा मार्गच ठेवला नाहीत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी समोर आले की कानातलं मशीन काढून खिशात टाकता. पत्राला तरी असं गप्प करता येणार नाही.

काल लॅमिंग्टन रोडवर जे केलंत ते शोभलं का तुम्हाला? मी मानाने विचारलं होतं, "अंकल, फोटोच्या कामासाठी लॅपटॉप आणि स्कॅनर घ्यायचाय, नजर तुमची, चला सोबत." लॅपटॉप बघताना तुम्ही इतकं मस्त बोलत होतात की बाजूची गिऱ्हाइकं पण थांबून ऐकायला लागली. मला वाटलं, वा, आपला म्हातारा अजून फॉर्मात आहे. मग मी निगेटिव्हचा स्कॅनर मागितला आणि तुमचं जे टाळकं सटकलं! काउंटरवर काठी आपटून त्या दुकानदाराला म्हणालात, "हिला काय कळतंय? साधा द्या, कागदाचा." सगळ्या दुकानासमोर!

मला काय कळतंय? वीस वर्षं लग्नाचे फोटो काढून घर चालवतेय मी. साध्या स्कॅनरचा उजेड खालून येतो आणि कागदावर आपटून परत जातो. निगेटिव्हमधून उजेड आरपार जावा लागतो, म्हणून दिवा वरच्या झाकणात पाहिजे. हे मला कोणी शिकवलं? तुम्हीच ना, परळच्या डार्करूममध्ये उभं करून? मग त्या दुकानात काय अंगात आलं होतं तुमच्या?

एप्रिलमध्ये तुमच्याच, आंटीच्या नावाच्या ओल्गा फोटो स्टुडिओच्या कामाचं प्रदर्शन लावायचंय. परळ-लालबागचे चेहरे, तुम्ही काढलेले. प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेने सामानाचा खर्च उचललाय. तुमचं नाव होणार आहे, माझं नाही. आणि तुम्हीच पायात पाय घालताय.

निगेटिव्हच्या पेट्या कधी देताय ते कळवा.

मेघना


गिरगाव
११ जानेवारी

मेघना पोरी,

पत्र पोचलं. ओल्गाने वाचून दाखवलं. वाचताना हसत होती. मला हसू आलं नाही.

दुकानात मी ओरडलो, बरोबर आहे. पुन्हा नेशील तर पुन्हा ओरडेन.

आधी लॅपटॉपचं ऐक. तो पोरगा दाखवत होता तो घेऊ नकोस. कीबोर्डात लाल-हिरवे दिवे! ती जत्रा आहे गो, लॅपटॉप नाही. आणि पडदा इतका चकचकीत की मला फोटो दिसण्याआधी माझंच थोबाड दिसत होतं. आपल्या कामाला पडदा मंद पाहिजे. काळ्याच्या आतलं काळं जो दाखवेल तो घे, मग वजनाला जड असला तरी चालेल. मेमरी भरपूर घे. बाहेरच्या डिस्क दोन घे, एक तुझ्या घरी ठेव, एक दुसऱ्याच्या घरी. आपल्याकडे पाणी, उंदीर आणि नातेवाईक कधी येतील सांगता येत नाही. त्यात कंजूसी करू नकोस.

स्कॅनर मात्र साधा घे. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक प्रिंट मी अल्बममध्ये चिकटवून ठेवलीय. अल्बम येऊन घेऊन जा, सगळेच्या सगळे ने. ते स्कॅन कर, लाव, टाळ्या घे.

निगेटिव्ह मिळणार नाहीत. गिऱ्हाइकाला आम्ही प्रिंट देतो, तेवढीच त्याची. निगेटिव्ह फोटोग्राफरची. ती माझ्या बापाने कोणाला दिली नाही, मी देणार नाही. तू मला मुलीसारखी आहेस म्हणून काय धंद्याचा नियम बदलायचा?

ओल्गाने बॉटल मसाला काढून ठेवलाय. तो पण घेऊन जा.

वॉल्टर अंकल


लालबाग
१९ जानेवारी

वॉल्टर अंकल,

अल्बम आणले. मसाला आणला. तुम्ही आतल्या खोलीत झोपल्याचं सोंग केलंत, ते पण बघितलं.

लॅपटॉप तुम्ही सांगितला तसाच घेतला. पडदा खरंच झकास आहे, कबूल. मैत्रिणीचा साधा स्कॅनर आणून तुमच्या प्रिंट पण लावून बघितल्या. तुमच्या हट्टाची एक संधी द्यायची म्हणून. काय निघालं माहितीये? पिवळे डाग. कसरीने खाल्लेले कान. वर्गातल्या फळ्यासारखे काळे कोट, त्यात ना बटण दिसतं ना खिसा. हे मी भिंतीएवढं मोठं करून लावू? लोक म्हणतील वॉल्टरला फोटो काढता येत नव्हते.

आता खरं कारण सांगते, म्हणजे तुमच्या डोक्यात प्रकाश पडेल. प्रदर्शनाची पहिली फ्रेम आईची लावायचीय. आम्ही बीडीडी चाळीत होतो तेव्हापासून घरात लावलेला तो हळदीकुंकवाचा फोटो. नथ, डोक्यात गजरा, आणि समोर रोखून बघणारी. मला दरवाजाएवढी पाहिजे ती. आमच्याकडची प्रिंट तळहाताएवढी, मोठी केली की नुसते ठिपके होतात. तुमच्या निगेटिव्हशिवाय ते होणं नाही.

आईचा एवढा एकच फोटो आहे, अंकल. मी चार वर्षांची असताना ती गेली. मला ती आठवत पण नाही. माझी सगळ्यात पहिली आठवण तुमच्या स्टुडिओतली आहे. लाल स्टुलावर बसलेय, ओल्गा आंटी गरम फुगे, तिचे ते तळलेले गोल पाव, खायला देतेय आणि तुम्ही म्हणताय, "इकडे बघ, डोळे मिटू नको." किती लाड केलेत तुम्ही दोघांनी! आणि बाबा? त्यांनी मरेपर्यंत आईचं नाव काढलं नाही. विचारलं तर एकच, "गप ऱ्हव, माका काय इचारू नको." कावीळ झाली आणि आठवड्यात गेली, एवढं मला शेजारणीने सांगितलं. स्वतःची बायको गेली तर माणूस एवढा कोरडा कसा राहतो? मला त्यांचा राग अजून गेलेला नाही, ते जाऊन दोन वर्षं झाली तरी.

मी लहानपणापासून त्या फोटोशी बोलते. नापास झाले, लग्न ठरलं, पहिला कॅमेरा घेतला, सगळं तिला सांगितलंय. फोटो बघितला की जो तो म्हणतो, "मेघना, डोळे आईचे घेतलेस हां." सासूबाई पण पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

तर ती निगेटिव्ह द्या. बाकीच्या नका देऊ, चुलीत घाला.

मेघना


गिरगाव
२४ जानेवारी

मेघना,

नाही म्हणजे नाही. मीराबाईची निगेटिव्ह पावसाच्या पाण्यात केव्हाच गेली. त्या वर्षाची सगळी पेटी गेली. फोटो घरात लावलेला आहे, तिथेच राहू दे. घरातल्या माणसाला बाजारात उभं करायची काय हौस आहे तुला?

पहिल्या फ्रेमला दुसरं कोणी शोध. आणि आता ह्या विषयावर मला लिहू नकोस. ओल्गाला पण सांगितलंय, तुझं पत्र आलं तर वाचायचं नाही.

वॉल्टर


लालबाग
८ फेब्रुवारी

वॉल्टर अंकल,

ओल्गा आंटी, तुम्ही वाचत असाल तर ह्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

काल अँटॉप हिलला जेसनकडे गेले होते. त्याला बिचाऱ्याला तुमच्या तमाशाचं काही माहीत नाही. म्हणाला, "डॅडींच्या पेट्या माळ्यावर पडल्यात, आमच्या क्वार्टर्सला रंग काढतायत, नेतेस तर बरंच." टॅक्सीत घालून घेऊन आले. १९८४ ची पेटी वरच होती. कोरडी ठणठणीत! पाण्याचा एक डाग नाही. पाकिटावर तुमच्याच अक्षरात, मीराबाई जयवंत.

लाज नाही वाटली? आई नसलेल्या पोरीला तिच्या आईच्या फोटोबद्दल खोटं सांगता? पिकल्या केसांची तरी चाड ठेवायची. मला वाटायचं तुम्हाला तुमचं काम जुनं झाल्याचं वाईट वाटतंय. आता कळलं, तुम्हाला मी मोठी झालेली बघवत नाही. तुमच्या हाताखाली डेव्हलपरचे ट्रे धुणारी पोर तुमचं प्रदर्शन मांडते म्हणजे काय!

झाकणात दिवा असलेला स्कॅनर मी घेतलाय. उद्या येतोय. रविवारी पहिलं पाकीट आईचं उघडणार. तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

मेघना


गिरगाव
१० फेब्रुवारी, शनिवार
(जेसनच्या हाती)

मेघना,

ते पाकीट उघडू नकोस. हवं तर मला शिव्या घाल, मी खोटारडा आहे, म्हातारा चळला, काय वाटेल ते बोल. बाकीच्या सगळ्या पेट्या तुझ्या. लिहून देतो.

ते एक पाकीट जेसनकडे परत दे. तुझ्या बापाला, जयवंतला मी शब्द दिलाय. आमच्या वाडीतल्या क्रुसापुढे उभं राहून दिलाय, तो हिंदू, मी ख्रिस्ती, दोघं उभे होतो. पोरी, कधीतरी एकदा ऐक ना गो माझं.

वॉल्टर अंकल


लालबाग
१२ फेब्रुवारी

वॉल्टर अंकल,

उघडलं.

जेसन आला तेव्हा मी घरी नव्हते. त्याने चिठ्ठी शेजारी ठेवली, ती मला आज सकाळी मिळाली. खरं सांगायचं तर आधी मिळाली असती तरी उघडलंच असतं. तुम्ही खोटं बोलला नसतात तर कदाचित नसतं उघडलं.

तुमचा तो मंद पडदा! काळ्याच्या आतलं काळं दाखवतो म्हणालात ना? सगळं दाखवलं त्याने. आईचे डोळे मिटलेले आहेत. हळदीकुंकू कसलं? कपाळभर मळवट भरलाय. अंगावर कोरी साडी, घडीसुद्धा नीट मोडलेली नाही. सवाष्ण गेली की सजवतात तशी सजवलीय. भिंतीला टेकवून बसवलंय तिला. उजवीकडून कोणाचा तरी हात आलाय, कोपरापासून पुढे, आणि तिच्या मानेमागे गेलाय. डोकं पडू नये म्हणून धरलंय. हातावर गोंदलंय, "जयवंत".

मी खुर्चीवरून उठले आणि घरातल्या फोटोसमोर जाऊन उभी राहिले. तो बघतच होता माझ्याकडे. नेहमीसारखा.

चाळीस वर्षं! चाळीस वर्षं तुम्ही सगळ्यांनी मिळून मला एका प्रेताच्या फोटोला गोष्टी सांगायला लावल्या. आणि डोळे? कोणाचे चिकटवलेत तुम्ही तिला? कुठल्या गिऱ्हाइकाचे? कोणा नाटकातल्या बाईचे? मी पोटातलं सगळं कोणाच्या डोळ्यांत बघून बोलले? मला किळस येतेय, अंकल. फोटो उतरवून कपाटात उलटा ठेवलाय.

त्याच रोलवर पुढच्या फ्रेममध्ये मी आहे. लाल स्टुलावर, फ्रॉकमध्ये, हातात अर्धा खाल्लेला फुगा. म्हणजे माझी ती लाडाची आठवण आई गेली तेव्हाची आहे. तिला जाळून आलात आणि मला फुगे भरवलेत? माझे फोटो काढत बसलात? माणसं आहात की कोण?

ह्या पत्राचं उत्तर पाहिजे मला. मशीन काढून बसू नका.

मेघना


गिरगाव
१७ फेब्रुवारी

मेघना,

हे पत्र मी स्वतः लिहितोय, ओल्गाला सांगून नाही. अक्षर लावून घे.

माफी मागणार नाही. आधीच सांगतो. तुझ्या प्रत्येक पत्रात तू मला झोडपलंस, मी ऐकून घेतलं, आता माझी पाळी.

तुम्हा लोकांच्या हातात आता फोन आहेत, वरणभाताचे पण फोटो काढता. तेव्हा चाळीत निम्म्या बायकांचा जन्मात एक फोटो नसायचा. लग्न गावाला, तिथे कुठला फोटोग्राफर? बाई गेली की घरच्यांच्या लक्षात यायचं, अरे, हार घालायला फोटोच नाही. मग आम्हाला बोलावणं. बाहेर तिरडी बांधतायत आणि आम्ही आत स्टँड लावतोय. आमच्या लोकांत शवपेटीभोवती सगळं घर उभं राहून फोटो काढायची पद्धत होती, बोटीवर असलेल्या पोरांना पाठवायला. तुमच्यात तसं चालत नाही. तुम्हाला माणूस जिवंत पाहिजे. म्हणून आम्ही प्रिंटवर डोळे उघडायचो, मग त्या प्रिंटचा पुन्हा फोटो काढायचो आणि तो द्यायचो. परळमध्ये हे काम माझ्याएवढं कोणाला येत नव्हतं. गर्वाने सांगतो. तू नेलेल्या अल्बममध्ये अशी आणखी बरीच माणसं आहेत, आणि त्यांची नातवंडं तुझ्या प्रदर्शनाला येणार आहेत. म्हणून दुकानात काठी आपटली. कळलं आता?

मला मोठी झालेली बघवत नाही म्हणालीस. ते वाक्य ओल्गाने वाचलं नाही, गाळलं. मी नंतर स्वतः वाचलं. ते मी विसरणार नाही.

आता डोळ्यांचं. दुसऱ्या दिवशी जयवंत स्टुडिओत आला. तू ओल्गाकडेच होतीस, कोणाला तुझ्याकडे बघायला वेळ नव्हता. तो म्हणाला, "वॉल्टर, दहाव्याला फोटो पाहिजे. पण तिका मिटलेल्या डोळ्यांची ठेवू नको. चेडू इचारात, आवस माझ्याकडे बघत कित्याक नाय?" मी म्हटलं, पोरीकडे बघणारे कोणाचे डोळे घालू? माझ्याकडे नमुने होते, मोठ्या बायकांचे, पाहिजे तसे. त्याला दहा दाखवले. एक पसंत पडेना. एका पाकिटावर तर थुंकला. म्हणाला, परक्या बाईचे डोळे माझ्या घरात नकोत.

मग तू आतून फुगा खात आलीस.

मी तुला स्टुलावर बसवलं आणि तुझे डोळे काढले. मोठे केले, सारखे केले, मीराबाईच्या चेहऱ्यावर बसवले. तीन दिवस दुसरं काम घेतलं नाही. फोटो नेताना जयवंतने मला वाडीतल्या क्रुसापुढे उभं करून शब्द घेतला, तुला हे कधी कळू द्यायचं नाही.

ते तुझेच डोळे आहेत, पोरी. लोक म्हणतात ना, डोळे आईचे घेतलेस? उलटं आहे. तिने तुझे घेतले.

आता फोटो उलटा ठेव, नाहीतर फोड. माझं काम मी केलं होतं.

वॉल्टर


लालबाग
२२ फेब्रुवारी

वॉल्टर अंकल,

तुमचं पत्र दोन दिवस परत परत वाचलं. नवऱ्यावर विनाकारण डाफरले.

"बघवत नाही" हे मी लिहायला नको होतं. ते वाक्य मागे घेते. बाकीचं एकही घेत नाही. खोटं बोललात ते बोललातच, आणि शब्दाला जागायच्या नावाखाली मला चाळीस वर्षं वेड्यात काढलंत.

आई कपाटातून बाहेर काढलीय. परत जागेवर लावली. आरशासमोर उभी राहून एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं. उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यातली ती छोटी घडी पण तुम्ही तशीच ठेवलीय. काम चांगलं आहे तुमचं, मरो.

पण एक राग जात नाही, आणि तो डोळ्यांचा नाही. घरातल्या फोटोतून तुम्ही बाबांचा हात पुसलात. ब्रशने काळा करून टाकलात. तो हात मला दिसला असता तर मी त्यांना कोरडा माणूस म्हणाले असते का? त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं, "तुम्हाला आईचं काय पडलं होतं?" ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ह्याच हातावर सलाईन लावलं होतं, आणि मी गोंदणाकडे बघत बसले होते. कोणाला सांगू आता हे?

प्रदर्शनाची पहिली फ्रेम स्टुलावरची पोर. खाली काही लिहिणार नाही. तुमची ती बाकीची माणसं पाकिटातच राहतील, त्यांच्या घरच्यांनी येऊन विचारलं तरच उघडेन. हे तुमचं ऐकलं, खूश व्हा.

दुसरी एक प्रिंट मला घरासाठी पाहिजे, आईच्या बाजूला लावायला. त्या निगेटिव्हची, जशी आहे तशी. डोळे मिटलेले असू देत. हात पूर्ण दिसला पाहिजे, कोपरापासून बोटांपर्यंत, आणि गोंदलेलं नाव वाचता आलं पाहिजे. स्कॅनरने आणलंय सगळं, पण मानेमागचा काळोख मला जमत नाही. थोडा उघडला तर बोटं दिसतील असं वाटतं. तो हात तुम्हीच पुसलात, तुम्हालाच माहीत असणार कुठे काय होतं.

रविवारी सकाळी या. ओल्गा आंटीला सांगा, फुगे करून आणा. माझ्या शेजारी बसायचं, मी माऊस धरेन, तुम्ही सांगायचं.

आणि मशीन कानात घालून या. मला अजून भांडायचंय.

मेघना